चौथा चॅनल

दोन्ही पेट्या पिकअपमधून उतरवताना
चौघांना धाप लागली.
सुगत लांजेवारची काळी, चार चॅनलची, जर्मनीची.
प्रणित उसेंडीची करड्या कापडाची, तीन चॅनलची, अमेरिकेहून आलेली.
एकेकीच्या किमतीत वडशात
नाटकाचे तीन प्रयोग लागतात,
नटीच्या गाडीखर्चासकट.

"काका, आज फैसला कराच," सुगत म्हणाला.
"टोन कोनाचा चांगला?"

मी व्हॉल्व्हचा माणूस.
सिनेमाच्या तंबूत डागायला शिकलो,
मग नाटक कंपन्यांचे भोंगे, मंडईचे माईक.
पन्नास वर्षं एकच काम:
आवाज फाटला की शिवून द्यायचा.

व्हॉल्व्ह तापेपर्यंत थांबावं लागतं.
पोरं चुळबुळतात. मला हाच वेळ आवडतो.
आधी धूळ जळल्याचा वास,
मग काचेत हळूहळू
पिकल्या टेंभराचा रंग.

पहिला चॅनल, स्वच्छ.
काळीची तार म्हणजे पितळी गडव्यावर टिचकी.
करडीच्या स्वराला कडाच नव्हती,
ओल्या बांधावरून अनवाणी चालताना
टाच आधी टेकते, बोटं मागून,
तसा तो टेकायचा.

दुसऱ्यात आवाज किंचित खरवडतो.
इथे करडी खालच्या पट्टीत ढिली पडली,
पाणी जास्त झालेली आंबील.
काळी मात्र घट्ट,
मधला सूर पुढे काढून
तालुक्याच्या वकिलासारखी नाकात बोलणारी,
पण एकेक शब्द कळणारी.
"काळी," मी म्हटलं.
सुगतनं प्रणितकडे पाहिलंसुद्धा नाही, इतका खूश.

तिसरा.

लाखलाख मोजून ही पोरं
जे विकत घेऊन आली होती
ते मी जन्मभर
डागणी तापवून तापवून
काढून टाकत आलो होतो.

प्रणितनं करडीवर वरचा सा ओढून धरला.
तो तुटला नाही. उसवत गेला,
धागा धागा दिसेल असा,
आणि उसवताना मोठा होत गेला.

नवरगावचा प्रयोग. जानेवारीचीच थंडी.
बेबीनंदाचा त्या हंगामातला त्रेसष्टावा.
तिसऱ्या अंकात ती वर गेली
आणि मागून लोक ओरडले,
"आवाज फाटला! मशीनवाला कोठी हाय?"
मी पेचकस घेऊन रंगमंचाखाली.
एकेक व्हॉल्व्ह हलवून पाहिला,
एकेक सांधा, एकेक वायर.
डोक्यावर फळ्या, फळ्यांवर तिची पावलं.

मशीन ठणठणीत होतं.

तिनं प्रवेश पुरा केला.
बाया पदरानं डोळे पुसत होत्या,
त्यांना वाटलं, भूमिकेतलं रडणं आहे.
मॅनेजरनं माझे वीस रुपये कापले.
मी काही बोललो नाही,
आणि तिला तर कधीच नाही.

"काका? कोनती?"

तेवढ्यात बारा वाजले, थ्री फेज आली.
वैनगंगेपर्यंतचे सगळे पंप एकदम सुरू,
उन्हाळी धानाच्या पऱ्ह्यांना पाणी.
माझ्या मीटरचा काटा
दोनशे पंचवीसवरून एकशे पंच्याऐंशीवर.
काचांतली टेंभरं काळवंडली.
काळीतल्या वकिलाचा घसा बसला,
अशील असल्यासारखी बोलू लागली.
करडी आणखी सैल, आणखी गोड.

सुगत ऐकत राहिला.
"आता तुही बरी वाटून रायली बे," प्रणितला म्हणाला.
"मले तुही," प्रणित म्हणाला.
दोघं एकमेकांच्या पेटीसमोर जाऊन उकिडवे बसले.

मी म्हटलं, पहाटे पंप बंद होतील,
काटा वर येईल,
फैसला तेव्हा मागा.
प्रणित जुन्या पडद्यांच्या गुंडाळीवर आडवा झाला,
जंगलच्या देखाव्यावर.

"चौथा रायलाच की," सुगत म्हणाला.
"त्याच्यात अजून फाटते."
बटणावर त्याचं बोट होतं.

राहू दे, म्हटलं.